आंरी मास्पेरो आणि ताओ धर्माचा शोध

चीनमध्ये बुद्धधम्म कसा पोहोचला, असे विचारले की हान सम्राट मिंग याच्या स्वप्नाची कथा सांगितली जाते. सम्राटाला स्वप्नात सुवर्णकांती पुरुष दिसला, त्याने पश्चिमेकडे दूत धाडले आणि काश्यप मातंग व धर्मरत्न हे भिक्खू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून लोयांग नगरीत आले, अशी ती कथा. विद्यार्थिदशेत आम्हीही ती इतिहास म्हणूनच पाठ केली होती. परंतु १९१० सालीच हनोई येथील फ्रेंच प्राच्यविद्या संस्थेतील एका तरुण अभ्यासकाने या कथेचे सारे पाठ ताडून पाहिले होते आणि तिला स्वतंत्र ऐतिहासिक आधार नाही, असे दाखवून दिले होते. ते अभ्यासक म्हणजे आंरी मास्पेरो (१८८३–१९४५).

मास्पेरो यांचे वडील गास्तों हे इजिप्तविद्येचे ख्यातनाम पंडित. पुत्राने मात्र चीनचा मार्ग धरला आणि पुढे पॅरिसच्या ‘कोलेज द फ्रान्स’मध्ये गुरुवर्य शावान यांचे अध्यासन भूषविले.

कथा बाजूला सारल्यावर हाती काय उरते? उरते ती इ.स. ६५ मधील एक राजाज्ञा. तीत राजपुत्र यिंग हा ह्वांग-लाव या ताओपंथी दैवताबरोबर बुद्धाचीही पूजा करतो, असा उल्लेख असून ‘उपासक’ व ‘श्रमण’ हे शब्द चिनी उच्चारांत आले आहेत. म्हणजे राजधानीपासून दूर, पूर्वेकडील पेंगचेंग येथे धम्माचे अनुयायी तेव्हाच नांदत होते. आणि भोवतालच्या लोकांना धम्म हा ताओ धर्माचाच एखादा पंथ वाटत होता. मग तो ताओ धर्म तरी कसा होता, हा प्रश्न मास्पेरोंना सोडवेना.

१४४५ साली छापलेला ताओ ग्रंथसंग्रह शतकानुशतके मठांत पडून होता. १९२३ ते १९२६ या काळात शांघायला त्याची ११२० खंडांत पुनर्मुद्रित आवृत्ती निघाली. कर्त्याचे नाव नाही, काळ नाही, भाषा सांकेतिक, अशा त्या अरण्यात मास्पेरो शिरले. लावत्झूच्या तत्त्वज्ञानापुरताच ताओ पाहणाऱ्या पंडितांना त्यांनी एक जिवंत मोक्षधर्म दाखविला: देहात वास करणाऱ्या देवता, श्वासाचे नियमन, धान्यवर्ज्य आहार आणि देहासह अमरत्व.

अनित्य व अनात्म शिकविणाऱ्या धम्माशी याचे नाते कसे जुळावे? परंतु इ.स. १४८ मध्ये लोयांगला आलेल्या आन् शिकाव या पार्थियन भिक्खूने भाषांतरासाठी जे ग्रंथ निवडले त्यांत आनापानसतीचा ग्रंथ होता, आणि श्वाससाधना तर ताओपंथीयांच्या आवडीची. प्रारंभीच्या भाषांतरांत निब्बानाला ‘वू-वेइ’ आणि अरहंताला ‘चन्-रन्’ हे ताओपंथी शब्द योजलेले आढळतात. पालि वाचणाऱ्याने येथे थबकावे. धम्म परक्या भाषेत शिरला तो उसन्या वस्त्रांत.

या उसनवारीची किंमतही पडली. लावत्झू पश्चिमेस जाऊन बुद्ध झाला, असे वचन इ.स. १६६ च्या एका निवेदनात येते. आरंभी त्यामुळे परका धर्म जवळचा वाटला असेल. पुढे मात्र बुद्धाला दुय्यम ठरविण्याचे ते हत्यार झाले. बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, हे मत बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवीत नाकारणाऱ्या आमच्या वाचकांना त्या हत्याराची धार समजावून सांगण्याची गरज नाही.

मास्पेरो यांचे सारेच निष्कर्ष आज टिकलेले नाहीत. चुआंगत्झूपासून पुढच्या ताओ धर्मापर्यंत त्यांनी जोडलेला अखंड धागा अनेकांना मान्य नाही. पण ज्या ग्रंथसंग्रहावर हा वाद चालतो, तो वाचण्याची वाट त्यांनीच पाडली.

त्यांनी हयातीत यातील थोडेच प्रसिद्ध केले. जुलै १९४४ मध्ये, पॅरिस नाझींच्या ताब्यात असताना, मुलाच्या प्रतिकार चळवळीतील सहभागावरून मास्पेरो व त्यांच्या पत्नीला अटक झाली. १५ ऑगस्टला त्यांना जर्मनीकडे नेण्यात आले. दहा दिवसांनी पॅरिस मुक्त झाले. १७ मार्च १९४५ रोजी बूखेनवाल्ड छळछावणीत त्यांचा अंत झाला. अमेरिकन सैन्य तेथे पोहोचले ते ११ एप्रिलला. घरी राहिलेले हस्तलिखित कागद पॉल देम्येव्हील यांनी जुळविले आणि १९५० साली तीन खंडांत छापले. त्यांतील दुसरा खंड ताओ धर्माचा आहे.