सुईच्या आधी पोचणारी थरथर

तळहातात मावेल एवढी प्लॅस्टिकची मधमाशी. पोटात बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, पाठीमागे अडकवायचे बर्फाचे पंख. लस द्यायच्या जागी ती मुलाच्या दंडावर बांधायची, बटण दाबायचं आणि घरघर सुरू झाली की अर्धा मिनिट थांबायचं. मग माशी जरा वर, खांद्याकडे सरकवायची आणि तिच्या खाली सुई टोचायची. ‘बझी’ नावाचं हे उपकरण २००९ साली अमेरिकेत बाजारात आलं. त्याची कुळकथा मात्र एका फार जुन्या प्रश्नापासून सुरू होते: लागलेल्या जागी चोळलं की बरं का वाटतं?

शतकानुशतकं या प्रश्नाला शास्त्रात जागाच नव्हती. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याचा मानवी शरीरावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली फ्रेंचमध्ये छापला गेला. त्यात विस्तवाजवळ पाय नेलेल्या माणसाचं चित्र आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक धागा. खाली तो ओढला गेला की वर घंटा वाजते, अशी त्याची मांडणी. म्हणजे जेवढी इजा तेवढी वेदना. मध्ये कुणी हात घालू शकेल, अशी सोयच त्यात नव्हती.

उत्तराचे तुकडे वेगवेगळ्या हातांनी गोळा होत गेले. १८३१ साली फिलिप्पो पाचिनी या इटालियन वैद्यकीय विद्यार्थ्याला हाताचं विच्छेदन करताना मज्जातंतूंना लगडलेले, नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे बारीक दाणे आढळले. थरथर टिपणारे हेच ते ग्राहक. सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनांना ते सर्वांत तल्लखपणे प्रतिसाद देतात. पुढे अमेरिकेत जोसेफ अर्लँगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी दाखवलं, की तंतू जितका जाड तितका त्यातला संदेश वेगवान. त्यासाठी त्यांना १९४४चं नोबेल मिळालं. स्पर्श आणि कंपन वाहणाऱ्या जाड तंतूंमधून संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर धावतो. टोचल्याची तीक्ष्ण कळ ५ ते ३० मीटर वेगाने येते, तर मागून येणारी ठणक जेमतेम अर्धा ते दोन मीटर वेगाने सरकते.

डच शल्यविशारद विलेम नूर्डेनबोस यांनी १९५९ साली मांडलं, की जाड तंतू बारीक तंतूंना आवर घालतात. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी एका सहकाऱ्यासोबत वेदना, खाज आणि कंपन यांच्या संबंधावर शोधनिबंध लिहिला. नंतर त्यांची कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांच्याशी जोडी जमली. १९ नोव्हेंबर १९६५च्या ‘सायन्स’मध्ये दोघांचा ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूच्या मागच्या भागात जणू एक दार आहे. बारीक तंतूंची वेदना ते उघडू पाहते, जाड तंतूंचा स्पर्श ते लोटून घेतो, आणि मेंदूही वरून त्यावर हुकमत चालवतो. या मांडणीतले काही तपशील पुढे बदलावे लागले. गाभा टिकला: वेदना वाटेतच कमी करता येते.

कंपनाचा औषधी उपयोग त्याआधीच सुरू झाला होता. लांबच्या रेल्वेप्रवासानंतर कंपवाताच्या रुग्णांना बरं वाटतं, हे पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी थरथरणारी खुर्ची करवून घेतली. कित्येक दंतवैद्यही भुलीचं इंजेक्शन देताना गाल किंवा ओठ पकडून हलवतात.

सुईसाठी खास उपकरण आलं ते एका आईच्या हातून. एमी बॅक्स्टर या अमेरिकेत मुलांच्या तातडीच्या विभागात काम करणाऱ्या डॉक्टर. स्वतःच्या मुलाला लस घेताना झालेला त्रास त्यांनी पाहिला होता. एकदा रात्रपाळीहून परतताना गाडीच्या थरथरत्या स्टिअरिंगमुळे हात बधिर झाला आणि त्यांना वाट सापडली. कंपन आणि गोठवलेल्या मटाराची पिशवी वापरून घरीच पहिले प्रयोग झाले. २०११ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्त काढताना मुलांना कमी दुखलं, आणि पहिल्याच प्रयत्नात शीर सापडण्याचं प्रमाणही वाढलं. पुढे तुर्कस्तानसह इतर देशांतही अभ्यास झाले. सगळ्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत, पण बहुतेकांचा कौल फायद्याकडे आहे.

त्यातली मेख जागेत आहे. सुई टोचताना कंपन सुईची जागा आणि मेंदू यांच्या मध्ये हवं. सिकलसेलच्या मुलांना बर्फ लावू नये, थंडीने त्यांचा त्रास वाढू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आहे आणि या मुलांना सुया वारंवार टोचाव्या लागतात. त्यांच्यासाठी नुसती थरथर वापरावी.

उपकरण नसलं तरी हात बांधलेले नाहीत. नुसतं हाताने चोळण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली नाही. पण बाळाला लशीच्या वेळी अंगावर पाजावं, लहान मुलाला जवळच्या माणसाने धरून बसावं, सर्वांत दुखणारी लस शेवटी द्यावी, असं सांगितलं. याला पैसा लागत नाही. मुलाचं दुखणं खरं आहे आणि ते कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे, एवढं मान्य करावं लागतं. पुढच्या वेळी लस द्यायला जाल तेव्हा ‘काही दुखत नाही’ असं मुलाला सांगू नका; ‘दुखू नये म्हणून काय करता येईल?’ असं डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा.