सावलीची खादी, शाळेचा गणवेश आणि एक मशीन

अंगावरचा टी-शर्ट उलटा करून बघा. बाजूच्या शिवणीवर दोऱ्यांची जाळी कापडाच्या कडेला गुंडाळलेली दिसेल. ते ओव्हरलॉकचं काम. आपले टेलर त्याला सर्रास ‘इंटरलॉक’ म्हणतात. आता खालची दुमड बघा. बाहेरून दोन समांतर टिपा, आतून शिडीसारखी वीण. ते कव्हरस्टिच, बाजारात ‘फ्लॅटलॉक’. पहिल्या मशीनला सुरी असते, ती कड कापत कापत शिवते. दुसऱ्याला सुरी नसते. त्यामुळे ते कापडाच्या मधोमधही चालतं, पण सुटणारी कड त्याला आवरत नाही.

घरी शिवणकाम करणाऱ्या बाईकडे एकाच जादा मशीनपुरते पैसे असतील, तर कोणतं घ्यावं? चंद्रपूर-गडचिरोलीत याचं उत्तर कापडानेच देऊन ठेवलंय, असं मला वाटतं.

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला निघालात की वैनगंगेच्या अलीकडे सावली लागतं. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं हे खादीचं केंद्र. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन इथे भरलं आणि स्वतः गांधीजी आले. खादी म्हणजे मागावरचं कापड: कात्री लागली की कडेचे दोरे सुटणार. लुगडं-धोतराला ही भानगड नव्हती, त्यांचे काठ मागावरूनच बांधलेले येत. प्रश्न सुरू झाला तो शिवलेल्या कपड्यांबरोबर. हाताने शिवणारे मग कड दुमडून आत दाबत आणि वरून पुन्हा टीप घालत. चांगलं दिसे, टिके. वेळ मात्र दुप्पट जाई.

यंत्रांवर टीका करणारे गांधीजी शिवणयंत्राला मात्र अपवाद मानत. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी ते बनवलं, असं त्यांनी १९२४ मध्ये एका संभाषणात सांगितलं होतं. (गोष्ट गोड आहे. पण आयझॅक सिंगरने आधीच्याच यंत्रांत सुधारणा करून १८५१ मध्ये पेटंट घेतलं, आणि त्याचे संसार इतके होते की नेमक्या कोणत्या बायकोचे कष्ट, हे विचारावं लागेल.)

ओव्हरलॉकचा जन्म मात्र कारखान्यातला. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये, मेरो घराण्याच्या होजिअरी गिरणीत ते घडलं. घरात मावेल असं छोटं रूप जपानी तंत्रज्ञांनी १९६० च्या दशकात दिलं. गंमत म्हणजे होजिअरीसाठी जन्मलेलं हे मशीन आपल्याकडे ब्लाउज, कुर्ता, शाळेचा शर्ट अशा मागावरच्या कापडावर रुळलं. फ्लॅटलॉकला तसं घर बदलता आलं नाही. ताणल्यावर दुमडीची टीप तुटू नये, हेच त्याचं काम. आणि टी-शर्ट तर तिरुपूरसारख्या ठिकाणांहून तयार होऊन येतात. गावात ते शिवून कोण घेतं?

२०२४ मध्ये हा हिशोब सरकारी कागदावर उतरला. राज्यभर एकच गणवेश. कापड वरून येणार, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी करायची. एका गणवेशाला शिलाईचे १०० रुपये, वर इतर खर्चाचे १०. शर्टाच्या बाह्या, खांदे, बगला, चड्डीच्या शिवणी, सगळ्या कडा कापलेल्या. इंटरलॉक न मारता दिलं तर काही धुण्यांतच दोरे लोंबणार. मारायचं तर तीन-चार रिळं एकदम लागतात, आणि वीजही. हे सगळं त्या पैशांत कसं बसवायचं? मजुरी परवडत नाही, असं बायकांनी सांगितलं. अनेक शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, आणि वर्ष संपता संपता ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. गणवेशाच्या भरवशावर ज्यांनी मशीन घेतलं असेल, त्यांना परत ब्लाउज आणि कुर्त्यांकडे वळावं लागलं असेल. इंटरलॉकवर ते जमतं. फ्लॅटलॉक घेतलेलीने काय केलं असतं?

फ्लॅटलॉकला इथे अगदीच जागा नाही असं नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे गडचिरोलीच्या रस्त्यांवर धावतात, ती ट्रॅकपँट आणि टी-शर्टातच. क्रीडा मंडळाची पन्नासेक टी-शर्टांची ऑर्डर दर महिन्याला मिळत असेल, तर फ्लॅटलॉक जरूर घ्यावं. एखाद्याच पँटची दुमड उसवली असेल तर झिगझॅग चालणाऱ्या घरगुती मशीनला जोडसुई लावायची. वरून दोन समांतर टिपा पडतात, खाली बॉबिनचा दोरा नागमोडी जातो, आणि दुमड थोडीफार ताणली जाते. कापड सावकाश सोडायचं, मागून ओढायचं नाही.