अष्टमीच्या रात्री साडेदहाला

२२ ऑक्टोबर २०१२, सोमवार. नवरात्रातली अष्टमी. औरंगाबादेत (शहराचं नाव तेव्हा हेच होतं) कर्णपुऱ्याची यात्रा भरात होती आणि दसरा दोन दिवसांवर आला होता. त्या रात्री अमेरिकेतल्या नॉर्दर्न व्हर्जिनियात ॲमेझॉनचे साठवणीचे सर्व्हर एकापाठोपाठ एक बसत गेले. कारण होतं मेमरी. तिच्यावर लक्ष ठेवायला मॉनिटरिंग होतं, ते चालूही होतं, तरी अलार्म वाजला नाही.

ॲमेझॉनने या प्रकाराचा तपशीलवार अहवाल पुढे स्वतःच जाहीर केला. त्यातल्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या आहेत. इथे त्या भारतीय वेळेत दिल्या आहेत. सर्व्हरचे आलेख बघत रात्रपाळी काढणारी आपल्या शहरातली कितीतरी मुलं आहेत, त्यांना ही रात्र आपल्याच घड्याळात दिसावी.

आदला आठवडा

ईबीएस म्हणजे इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर. ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरला जी डिस्क जोडलेली असते, ती ही सेवा पुरवते. अशा डिस्कला व्हॉल्यूम म्हणतात. हे व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा एजंट चालतो. देखभालीसाठी लागणारी माहिती गोळा करायची आणि ठरलेल्या संकलन-सर्व्हरकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम.

त्या आठवड्यात एका संकलन-सर्व्हरचं हार्डवेअर बिघडलं. त्याच्या जागी नवा बसवला आणि डीएनएसमधली, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली, नोंद बदलली. पण बदललेली नोंद आतल्या सगळ्या डीएनएस सर्व्हरांपर्यंत पोचली नाही, आणि हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. काही साठवण-सर्व्हर जुन्याच, बंद पडलेल्या पत्त्यावर संपर्क करत राहिले.

ही माहिती तातडीची नव्हती. उशिरा आली किंवा आलीच नाही, तरी चालेल अशीच व्यवस्था बांधलेली होती. त्यामुळे कुठेच काही वाजलं नाही. एजंटमध्ये मात्र एक दोष दडलेला होता. जोडणी फसली की नीट माघार घेण्याऐवजी तो अशा रीतीने प्रयत्न करत राहायचा, की थोडी थोडी मेमरी अडकून पडायची. यालाच मेमरी लीक म्हणतात.

सोमवारपर्यंतचे दिवस

या दिवसांत डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच घडलं नाही. तरी सगळ्या घटनाक्रमात मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जायकवाडीचं पाणी पिणाऱ्या माणसाला साठ्याचे आकडे वाचायला शिकवावं लागत नाही. नाथसागराची, म्हणजे या धरणाच्या जलाशयाची, एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला ७३८ मृतसाठा, उरलेला २१७१ जिवंत साठा. पेपरात टक्के छापून येतात ते जिवंत साठ्याचे. शून्य टक्के छापून आलं तरी धरणात पाणी असतं, आणि दुष्काळात शहराने तेच उपसून प्यायलं आहे. सांगितलेला आकडा एकूण साठ्याचा की जिवंत साठ्याचा हे माहीत नसेल, तर तो खरा असूनही माणूस चुकीचा निर्णय घेतो.

सर्व्हरच्या मेमरीत नेमका हाच घोटाळा होतो. लिनक्समध्ये ‘फ्री’ म्हणजे अजिबात न वापरलेली मेमरी. ती रिकामी ठेवण्यात फायदा नसतो, म्हणून डिस्कवरून वाचलेल्या फाइली लिनक्स तिथेच ठेवून देतं. ही कॅश. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की यातली बरीचशी लगेच मोकळी होते. म्हणून महिनाभर चालू असलेल्या धडधाकट सर्व्हरवरही ‘फ्री’ बऱ्याचदा जवळपास शून्य दिसतं. मॉनिटरिंग एकूणातून फ्री वजा करून ‘वापर’ दाखवत असेल, तर पडदा कायम लाल. मग घाईघाईने रॅम वाढवली जाते आणि काही दिवसांत पडदा पुन्हा लाल होतो. उलट, फ्री आणि कॅश यांची बेरीज करून ती सगळी मेमरी मोकळी धरली, तर तेही चूक. कॅशच्या आकड्यात सामायिक मेमरी आणि टीएमपीएफएसमधल्या (म्हणजे मेमरीतच ठेवलेल्या) फाइलीही मोजलेल्या असतात, आणि त्या कॅशसारख्या टाकून देता येत नाहीत. २०१२ साली वेगवेगळ्या साधनांचा, प्लगइनांचा हिशोब वेगवेगळा असू शकायचा. एकाच मशीनचे एकाच क्षणी दोन आकडे दिसायचे.

ईबीएसच्या सर्व्हरांची अडचण याच जातीची होती. ग्राहकांचा डेटा हाताळण्यासाठी ते उपलब्ध असलेली सगळी मेमरी वापरतात, आणि हा वापर सतत कमीजास्त होत राहतो. अमुक टक्क्यांवर गेला की अलार्म, अशी अचूक रेघ तिथे आखणं अवघड, असं अहवालच सांगतो. प्रत्येक सर्व्हरच्या एकूण मेमरीवर लक्ष होतं. पण एकूण वापर नेहमीच भरपूर असेल, तर त्यातला किती ग्राहकांच्या कामाचा आणि किती त्या एका एजंटने अडवलेला, हे त्या आकड्यातून कळणार कसं? एकट्या एजंटच्या मेमरीचा आलेख कोणी काढला असता, तर त्यात वर चढत जाणारी रेघ आधीच दिसली असती असं मला वाटतं.

रात्री १०.३०

व्हर्जिनियात दुपारचा एक, पश्चिम किनाऱ्यावरच्या सिएटलमध्ये सकाळचे दहा. व्हर्जिनिया विभागातल्या पाच उपलब्धता-क्षेत्रांपैकी (म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या केंद्रांपैकी) एकात थोडे व्हॉल्यूम मंदावले. काही अडकलेच. अडकलेल्या व्हॉल्यूमवर ना वाचता येतं ना लिहिता येतं, आणि त्यावर उभी असलेली वेबसाइट नुसती ताटकळत राहते.

१०.३० ते ११.३०

एक सर्व्हर ढेपाळला की त्याचं काम धडधाकट सर्व्हरकडे आपोआप वळतं. एरवी या फेलओव्हरमुळेच ग्राहकाला बिघाडाचा पत्ताही लागत नाही. पण त्यामागे एक गृहीत असतं, ते म्हणजे सगळे एकाच वेळी आजारी पडणार नाहीत. इथे तीच चुकलेली नोंद, तोच एजंट, तोच दोष अनेक सर्व्हरांवर होता आणि त्यांची मेमरी साधारण एकाच वेळी संपत आली. काम सोपवायला पुरेसे सर्व्हर मिळेनात, तसे आणखी व्हॉल्यूम अडकत गेले.

११.३०

त्या क्षेत्रातले खूप मोठ्या संख्येने व्हॉल्यूम ठप्प. रेडिट, फोरस्क्वेअर, पिंटरेस्ट, एअरबीएनबी, हेरोकू अशी एकेक नावं अडखळली किंवा बंद पडली.

११.४०

ॲमेझॉनच्या गटाने फेलओव्हरचा वेग कमी केला. दुखण्याचं मूळ अजून सापडलेलं नव्हतं, पण धावपळीमुळे पडणारा भार तरी उतरला. पुरतं कळलेलं नसताना एवढा नेमका निर्णय घेणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

१२.०५

बरेच व्हॉल्यूम आपोआप सावरू लागले.

साडेबारा ते तीन

ग्राहक आपला कारभार दुसऱ्या क्षेत्रात हलवायला धडपडत होते. विनंत्यांचा पूर थोपवण्यासाठी ॲमेझॉनने त्या स्वीकारण्यावर मर्यादा घातली, आणि ती गरजेपेक्षा कडक ठरली. निसटू पाहणाऱ्यांच्या आज्ञाही परत फिरू लागल्या. कंपनीने पुढे हे मान्य केलं आणि त्या तासांच्या बिलात सूट दिली. २ वाजून १० मिनिटांपर्यंत बाधित व्हॉल्यूमपैकी सुमारे ६० टक्के पूर्ववत झाले होते.

पहाटे ३.४०

कारण सापडलं. पहिल्या लक्षणानंतर पाच तास दहा मिनिटांनी. एवढा वेळ का लागला, तर फेलओव्हर आणि दुरुस्तीच्या प्रचंड हालचालींखाली मूळ कारण झाकलं गेलं होतं. एजंटने अडवलेली मेमरी सोडवायला सुरुवात झाली.

४.४५

नवमीची पहाट. जवळपास सगळे बाधित व्हॉल्यूम पुन्हा सुरळीत.

त्यानंतर

ॲमेझॉनने नेमक्या याच गळतीवर अलार्म बसवायचं ठरवलं, एजंटमधला दोष काढायला घेतला आणि डीएनएसचे बदल सगळीकडे पोचतील अशी दुरुस्ती आखली. कमी प्राधान्याच्या प्रक्रियांना मेमरीची कमाल मर्यादा घालायचंही ठरलं. यातलं शेवटचं पाऊल मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण अलार्म चुकला तरी मर्यादा राहतेच.

‘फ्री’च्या आकड्याच्या त्या घोटाळ्यावरही पुढे उपाय निघाला. मार्च २०१४ मध्ये लिनक्स कर्नल ३.१४ आला आणि ‘/प्रॉक/मेमइन्फो’मध्ये ‘मेमअव्हेलेबल’ ही ओळ आली. स्वॅप न करता, म्हणजे मेमरीतलं काही डिस्कवर न हलवता, नव्या कामाला किती मेमरी मिळू शकेल, याचा अंदाज आता कर्नल स्वतः देतो. तुमच्या पडद्यावरचा आकडा विचित्र वाटला, तर आधी ही ओळ त्या आकड्याशी ताडून बघा. कंटेनर असेल तर आणखी एक तपासणी लागते. आतून ‘फ्री’ ही आज्ञा दिली की बहुधा संपूर्ण यजमान मशीनची मेमरी दिसते, पण कंटेनरला घातलेली सीग्रुपची (म्हणजे प्रक्रियांच्या गटाला कर्नल लावतो ती) मर्यादा ओलांडली की कर्नल त्यातली प्रक्रिया मारून टाकतो. तेव्हा सीग्रुपचा आकडा वेगळा वाचावा लागतो. आणि मेमअव्हेलेबल रोज थोडं थोडं उतरत असेल, तर प्रक्रियांची यादी मेमरीच्या क्रमाने लावा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लावा, आणि कोणती प्रक्रिया वर सरकली आहे ते बघा.