मालवणी स्वयंपाकघरात परक्या भाज्या कशा रुजल्या?

१/
बांगड्याच्या तिखल्याचा लाल रंग, चैत्रातील ओल्या काजूगरांची उसळ आणि श्रावणातील नीरफणसाची कापे. मालवणी जेवणाची ओळख सांगताना ही नावे हमखास घेतली जातात. परंतु मिरची आणि काजू मूळचे अमेरिका खंडातले, तर नीरफणस पॅसिफिक महासागरातील बेटांवरचा. इ.स. १५०० मध्ये मालवणच्या किनाऱ्यावर मिरची आणि काजू कोणाला ठाऊकही नव्हते.

२/
मग प्रश्न असा उरतो की ज्या भाजीला नाव नाही, जी शिजते किती आणि बाधते का हे माहीत नाही, जिची पाककृती कोणाच्याही आजीकडे नाही, ती पहिल्यांदा चुलीवर कोणत्या भरवशावर चढली असेल? साम्राज्यांच्या इतिहासात या प्रश्नाला क्वचितच जागा मिळते. सिंधुदुर्गातील स्वयंपाकघरात मात्र त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला. १५०० मध्ये पोर्तुगीजांना ब्राझीलचा किनारा लागला. १५१० मध्ये त्यांनी गोवा जिंकले. ब्राझील आणि गोवा ही एकाच समुद्री साम्राज्याची दोन टोके झाली आणि जहाजांतून माणसांबरोबर बिया, कंद व रोपेही येऊ लागली.

४/
तेरेखोल नदीच्या उत्तरेला सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा मुलूख होता. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे आज गोव्यात असलेले महालही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांच्याच अमलाखाली होते. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. सीमा राजकीय होती, पण तिच्या दोन्ही बाजूंची माती, पाऊस, नातीगोती आणि आठवड्याचे बाजार एकच होते. रोपाला सीमा ओलांडण्यासाठी परवाना लागत नव्हता.

५/
यात एक विरोधाभास आहे. सोळाव्या शतकात गोव्यात मंदिरे पाडली गेली आणि १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, सुरू झाले. अनेक हिंदू कुटुंबांनी घरदार सोडून पोर्तुगीज हद्दीबाहेर आश्रय घेतला. पुढे अन्नावरही पहारा बसला. १७३६ च्या एका फर्मानाने गोव्यातील ख्रिस्ती झालेल्या लोकांना हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवण्यास मनाई केली. ताटात काय आहे आणि ते कसे शिजवले आहे, यावर माणसाचा धर्म ठरवला जाण्याचा तो काळ होता.

६/
तरीही ज्या सत्तेपासून लोक दूर गेले, तिच्याच जहाजांतून आलेली मिरची त्यांच्या चुलीवर शिजत राहिली. परसात एकदा उगवलेले झाड कोणाच्या जहाजातून आले हे सांगत नाही. एवढ्यावर मात्र ते घरात शिरत नाही. त्याला स्वयंपाकघरात जागा मिळावी लागते, आणि ती जागा कोणत्याही राजाच्या हुकमाने मिळालेली नाही.

७/
या घडामोडीची दप्तरे नाहीत. मराठीतील आद्य छापील पाकग्रंथांपैकी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. तोवर मिरची आणि काजू येथे मुरून काही पिढ्या लोटल्या होत्या. त्यामुळे पुरावा तीन ठिकाणी शोधावा लागतो : परदेशी प्रवाशांच्या ग्रंथांत, भाज्यांच्या नावांत आणि खुद्द पाककृतींत. भारतीय वनस्पतींच्या व खाद्यपदार्थांच्या इतिहासावर अशाच चिकाटीने लिहिणारे परशुराम कृष्ण गोडे हे कोकणातील देवरुखचे होते.

८/
प्रथम मिरची. नाव हाच तिचा पहिला पुरावा आहे. मालवणी आणि कोंकणीत तिला ‘मिरसांग’ म्हणतात. ‘सांग’ म्हणजे शेंग, म्हणजे मिऱ्याच्या गुणाची शेंग. मराठीतील ‘मिरची’ हे नावही मिऱ्याशी नाते सांगते. नव्या वस्तूला नवे नाव देण्याऐवजी ती कोणत्या जुन्या वस्तूच्या जागी वापरायची, हे नावातच नोंदवले गेले. एका अर्थाने हे नाव म्हणजेच तिची पहिली पाककृती होय.

९/
मिरी सह्याद्रीचीच. पण तिचा वेल वाढायला वर्षे लागतात आणि तिला परदेशी व्यापारात मोल होते. मिरची मात्र कोणाच्याही परसात काही महिन्यांत फळते, उन्हात वाळते आणि वर्षभर टिकते. गरिबाच्या घरी मिऱ्याऐवजी मिरची येण्यामागे चवीइतकेच हे साधे अर्थकारण होते. कोकणातील चार महिन्यांच्या पावसाळ्यापूर्वी करायच्या बेगमीत ती चपखल बसली.

१०/
हिरवी मिरची वाटणात गेली, सुकी मिरची मसाल्यात गेली आणि अख्खी मिरची मीठ-ताकात मुरवून, वाळवून सांडगी मिरची झाली. वाटणे, कुटणे, खारवणे, वाळवणे यांतली एकही क्रिया नवी नव्हती. जुने तिखटही नाहीसे झाले नाही. तिरफळ बांगड्याच्या कालवणात टिकले आणि मिरी काढ्यात व गरम मसाल्यात राहिली. मिरचीने सर्वांना हटवले नाही. प्रत्येकाचे काम मात्र नव्याने वाटले गेले.

११/
येथे इतिहासप्रेमींसाठी एक कोडे आहे. संत सावता माळी यांचा काळ परंपरेने १२५० ते १२९५ मानला जातो. त्यांच्या नावावरील, मळ्यातील भाज्यांत विठ्ठल पाहणाऱ्या सुप्रसिद्ध अभंगाच्या प्रचलित पाठात मिरचीचा उल्लेख येतो. मिरची भारतात सोळाव्या शतकात आली, हे वनस्पतिशास्त्र आणि इतिहास दोन्ही सांगतात. मौखिक परंपरेत पाठ बदलत जातात, हेच याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे. मिरची इतकी घरची झाली की तिच्याशिवाय मळा कल्पिणेच कठीण झाले.

१२/
दुसरा पाहुणा काजू. तो केव्हा आला याचा माग ग्रंथांतून काढता येतो. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या वनौषधींवरील ग्रंथात काजूला स्वतंत्र स्थान नाही. क्रिस्तोव्हाव द कोस्ता याच्या १५७८ च्या ग्रंथात कोचीनमधील काजूच्या झाडांचे वर्णन आहे. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेला डच लेखक लिन्सखोटेन १५९६ च्या आपल्या ग्रंथात काजूबद्दल लिहितो. अनुल्लेख हा निर्णायक पुरावा नसतो, पण या तीन तारखांतून काळाचा अंदाज बांधता येतो.

१३/
काजू शिजवणे मिरचीइतके सोपे नव्हते. बीच्या कवचात दाहक तेल असते. ते लागले की कातडी भाजते आणि फोड येतात. अनोळखी माणसाने असली बी एकदा हाताळून फेकून दिली असती. परंतु कोकणाला असे फळ नवीन नव्हते. बिब्ब्याचे तेलही असेच उतते आणि त्याच्या आतील गोडंबी मात्र आवडीने खाल्ली जाते. वनस्पतिशास्त्राप्रमाणे काजू, बिब्बा आणि आंबा ही एकाच कुळातील झाडे आहेत. ते शास्त्र लिहिले जाण्यापूर्वीच बिब्बा हाताळणाऱ्यांना, बाहेर विष असले तरी आत खाद्य असू शकते, हे अनुभवाने ठाऊक होते.

१४/
पिकलेली बी भाजून फोडता येते. कोवळ्या बीचा मात्र चीक हाताला लागू न देता ती चिरावी लागते. त्यासाठी हाताला तेल वा राख चोळायची, बी उभी चिरायची, गर कोरून काढायचा आणि कोमट पाण्यात घालून त्याची साल सोलायची. हे काम बायकांचे, आणि ते करताना बोटांची कातडी जाते ती आजही. उसळ चवीने खाणाऱ्याला ती बोटे क्वचितच दिसतात. काजूच्या इतिहासात जहाजाच्या कप्तानाइतकाच या हातांचा वाटा आहे.

१५/
सुटलेल्या गराचे पुढे काय करायचे, याचे उत्तर तयार होते. पांढरा, दुदल, दाण्यासारखा गर दिसला की त्याची उसळ करायची. कडधान्याला जे ओल्या खोबऱ्याचे वाटप लागते, तेच काजूगराला लागले. बी पिकून कडक होण्यापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत ही उसळ होते. उरलेले गर उन्हात सुकवून नंतर भिजवून वापरले जातात. पुढे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या सुधारित जाती निर्माण केल्या आणि त्या जातींना ‘वेंगुर्ला’ हेच नाव मिळाले. ब्राझीलच्या झाडाला आज सिंधुदुर्गातील गावाचे नाव आहे.

१६/
तिसरा नीरफणस, ज्याला विलायती फणसही म्हणतात. त्याची जगातील कथा नाट्यमय आहे. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवरील गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून इंग्रजांनी ताहितीहून त्याची रोपे नेण्याचे ठरवले. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले आणि हजारावर रोपे समुद्रात गेली. १७९३ मध्ये कप्तान ब्लाय याने दुसऱ्या सफरीत रोपे पोहोचवली. परंतु ज्यांच्यासाठी ती आणली, त्या गुलामांनी बराच काळ ते फळ नाकारले. मालकाने नेमून दिलेल्या अन्नाला त्यांच्या स्वयंपाकात जागा नव्हती.

१७/
कोकणात तेच फळ आवडते झाले. त्याला जोडीला फणस मिळाला. तसाच चीक, तसेच हाताला खोबरेल लावून चिरणे. त्याहून महत्त्वाची होती ती वेळ. नीरफणस पावसाळ्यात तयार होतो, तेव्हा समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि श्रावणामुळे अनेक घरांत मासळी वर्ज्य असते. जाड काप काढून त्याला मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचे आगळ चोळले, तांदळाच्या पिठात वा रव्यात घोळवले आणि तव्यावर खरपूस परतले. ही सारी कृती सुरमईच्या तुकडीची आहे. ताटातील मासळीची रिकामी जागा नीरफणसाने भरली.

१८/
या झाडाची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भाजीच्या नीरफणसाला बी नसते. मुळांतून फुटणारे कोंब वेगळे करून त्याची लागवड होते. म्हणजे वाऱ्याने वा पाखराने तो पसरणे शक्य नाही. परसातील प्रत्येक नीरफणस कोणीतरी कोणाकडून तरी मागून आणलेला असतो. माहेरची, शेजारची, सोयऱ्यांकडची रोपे हाच त्याचा प्रसाराचा मार्ग.

१९/
इतरांचा प्रवेश नावांवरून उलगडतो. भोपळा हे जुने नाव अमेरिकेतील नव्या फळाला दिले गेले आणि मग एक तांबडा, दुसरा दुध्या असा भेद करावा लागला. रताळ्याचे नाव ‘रक्तालु’ या जुन्या कंदाच्या संस्कृत नावावरून आले. करांदे, कणगर उकडून खाणाऱ्या घरात रताळेही तसेच उकडले गेले. बटाट्याने मात्र पोर्तुगीज नाव टिकवले. ते नावही मुळात कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचे होते.

२०/
प्रत्येकाला मात्र सारखीच जागा मिळाली नाही. टोमॅटो देशावरच्या रश्श्यात सहज मिसळला, पण मालवणी माशांच्या कालवणात आजही आंबटपणा कोकमाचा, चिंचेचा किंवा कैरीचा असतो. टोमॅटो वाईट म्हणून असे झाले नाही. आंबटाची जागा तेथे आधीच भरलेली होती, आणि तीही परसातच पिकणाऱ्या फळांनी.

२१/
सर्वांत अनपेक्षित प्रवेश धर्माच्या दारातून झाला. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो आणि मिरची आजही चालत नाहीत. कोकणात भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना पिकलेली भाजी करतात. ऋषींचे अन्न अशी तिची ख्याती. तिच्यात अळू आणि सुरणाशेजारी तांबडा भोपळा व मक्याचे कणीस असते, आणि ही दोन्ही अमेरिकेची. उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कसाव्यापासून आजचा साबुदाणा होतो तो कंद, हे सारेही तिकडचेच.

२२/
या स्वागताची किंमतही आहे. बटाटा बारमाही आणि स्वस्त झाला, तसे करांदे, कणगर, घोरकंद मागे पडले. ते कसे ओळखायचे, कोणता कंद किती उकडायचा, कडवटपणा कसा घालवायचा, हे ज्ञान वृद्ध स्त्रियांपाशी उरत चालले आहे. बाजारात आज एखाद्या तरुणाच्या हाती करांदा पडला, तर त्याची अवस्था सोळाव्या शतकात पहिल्यांदा मिरची पाहणाऱ्या माणसासारखी होते. फरक एवढाच की या वेळी अनोळखी भाजी आपल्याच मातीतली आहे.

२३/
मालवणी स्वयंपाकघराची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. अनोळखी भाजी हाती आली की ती कोणासारखी आहे हे पाहायचे, जाणत्याला विचारायचे, चीक आणि खाज ओळखायची आणि माहीत असलेल्याच कृतीत ती घालून बघायची. कंद असेल तर उकडायचा, दाणा असेल तर उसळ, मगज असेल तर काप. करांद्याला यातली पहिली कृती लागू पडते. मीठ घालून उकडायचा, कडू लागला तर ते पाणी टाकून पुन्हा उकडायचा. थंडीच्या दिवसांत सिंधुदुर्गातील आठवड्याच्या बाजारांत तो अजूनही विकायला येतो, आणि तो कसा शिजवायचा हे विकणारी बाई विचारल्यास सांगते.