दोन इंचांची किंमत

तर झालं असं. मागच्या पावसाळ्यात आमच्या दादाने, म्हणजे मावसभावाने, त्याची जुनी पाट्यांची जीप 'लिफ्ट' करून घेतली. गॅरेजवाल्याने मूळ शॅकल काढून लांब शॅकल लावल्या, मोठे टायर चढवले आणि संध्याकाळपर्यंत गाडी तयार! दिसायला एकदम खतरनाक. दुसऱ्या रविवारी ताम्हिणीत उतारावर दादाने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग आपणहून उजवीकडे गेलं. समोरून एसटी येत होती. वाचलो. पण पुढे मुळशीपर्यंत गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही.

घरी आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे शोधाशोध सुरू केली. आपल्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आधी बघतात, शेवटचा बदल कोणी केला. इथे ते माहीतच होतं. मला बघायचं होतं मूळ डिझाइन. आणि गंमत म्हणजे हा बग जीपच्या जन्मापासूनचा निघाला.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला एक छोटी, हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. नमुना ४९ दिवसांत द्या आणि वजन १३०० पौंडांच्या आत ठेवा, अशी अट होती. (क्लायंट तेव्हाही तसेच होते म्हणायचे.) वजनाची अट कोणालाच जमली नाही. पण बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट यांनी आराखडा काढला आणि सप्टेंबर १९४० मध्ये नमुना वेळेत पोचला. पुढे विलिसची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू या जवळजवळ जुळ्या गाड्या युद्धभर लाखोंनी बनल्या.

घाईत आणि स्वस्तात बनवायचं तर सस्पेन्शनला पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, हेच उत्तर होतं. पाटा वजन झेलतो आणि वर ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतो. एकाच फंक्शनने दोन कामं करावीत तसं. शिवाय शत्रूच्या नजरेत न येण्यासाठी गाडी बुटकी हवी होती, म्हणून पाटे ॲक्सलच्या खालून घेतले.

आता या दोन कामांची गोम बघा. ब्रेक मारला की चाकाबरोबर ॲक्सलही फिरू बघतो. त्याला अडवायला फक्त पाटा, आणि तो लवचीक! पाटा पिळवटतो, ॲक्सल थोडा वळतो, पण स्टिअरिंगची दांडी जागच्या जागी राहते. परिणामी चाक आपोआप वळतं. एमबी ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढायची. म्हणून पुढच्या डाव्या पाट्याला एक जादा स्प्रिंग जोडली, टॉर्क रिॲक्शन स्प्रिंग. आजच्या भाषेत पॅच! म्हणजे कारखान्यातल्या उंचीलाही हा त्रास होता. आमची गाडी उजव्या स्टिअरिंगची, म्हणून ती उजवीकडे गेली.

आता त्यावर लिफ्ट चढवली की काय होतं? शॅकल फक्त पाट्याच्या एका टोकाला असते. त्यामुळे शॅकल ४ इंचांनी लांब केली तर गाडी वर जाते साधारण २ इंच. पण एकच टोक हलल्यामुळे ॲक्सल तिरका होतो आणि कास्टर बदलतो. कास्टर म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. तो कमी झाला की स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, गाडी भरकटते. वरून स्टिअरिंगची दांडी जास्त तिरकी झाल्याने खड्ड्यातही चाक वळतं. जुना बग होताच, आपण त्यावर लोड वाढवला.

यावर पक्कं उत्तर निघायला बरीच वर्षं गेली. १९४८ ची लँड रोव्हर जीप बघूनच सुचली होती, तिनेही पाटेच घेतले. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली ती चारही चाकांना कॉइल स्प्रिंग घेऊन. कॉइल फक्त वजन झेलते, ॲक्सल धरायला वेगळे दांडे. एक काम, एक भाग. जीप रँग्लरने हे १९९६ च्या टीजे मॉडेलमध्ये केलं. आपल्याकडे २०१० च्या थारला मागे पाटेच होते. २०२० मध्ये नाशिकला बनलेल्या नव्या थारला चारही बाजूंना कॉइल आल्या.

पण कॉइल आल्या म्हणून लिफ्ट फुकट झाली असं नाही हं. सलग ॲक्सलच्या गाडीत उंची वाढली की ट्रॅक बार ॲक्सलला एका बाजूला ओढतो, दांड्यांचे कोन बदलतात. नव्या थारच्या पुढच्या बाजूला ॲक्सल सलग नाही, तिथे चाकाला ताकद नेणाऱ्या जॉइंटवर ताण येतो. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं तपासावं लागतं.

दादाला मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. तो आधी म्हणाला, "तू गाडी चालव, लेक्चर नको देऊस." मग आठ दिवसांनी त्याचाच फोन आला. आम्ही दुसऱ्या गॅरेजात गेलो. लांब शॅकल काढल्या, मूळ मापाच्या लावल्या. जास्त कमान असलेले नवे पाटे टाकले, कास्टरसाठी ॲक्सल आणि पाट्यामध्ये पाचर बसवली, स्टिअरिंगची दांडी पुन्हा आडवी करून घेतली. लांब ब्रेक होज आणि त्या उंचीचे शॉकअप घातले. गाडी तेवढीच उंच आहे, दोनच इंच. खर्च मात्र पहिल्या वेळेच्या कितीतरी पट.

परवा पुन्हा ताम्हिणीला गेलो. त्याच उतारावर दादाने मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. यावेळी समोर एसटी नव्हती, पण दोघांचे हात घट्ट होते ते होतेच.