ब्राउझर स्पर्धा आणि इंटरनेटची सुरक्षितता (१९९४ ते २००४) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंटरनेट सामान्य माणसापर्यंत पोहोचले ते ब्राउझर या साधनामुळे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात निर्माण झालेल्या 'मोझॅक'ने त्याचा प्रसार केला. ब्राउझर कंपन्यांच्या स्पर्धेचा वापरकर्त्याच्या सुरक्षिततेवर कोणता परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नेटस्केप आणि सांकेतिकीकरण :
मोझॅकच्या निर्मात्यांपैकी एक मार्क अँड्रीसन आणि उद्योजक जिम क्लार्क यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचा 'नेटस्केप नेव्हिगेटर' अल्पावधीत लोकप्रिय झाला. इंटरनेटवरून व्यापार व्हावयाचा तर क्रेडिट कार्डाचा क्रमांक गुप्त राहणे आवश्यक होते. त्यासाठी नेटस्केपने 'एसएसएल' ही सांकेतिकीकरणाची पद्धती विकसित केली. परंतु अमेरिकेच्या निर्यातविषयक निर्बंधांमुळे परदेशी वापरकर्त्यांना केवळ ४० बिट लांबीची किल्ली असलेली आवृत्ती मिळत असे. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधक डेमियन डोलिगेझ यांनी अशी किल्ली सुमारे आठ दिवसांत शोधून काढली. भारतात विदेश संचार निगमची सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली ती याच महिन्यात, ही बाब लक्षणीय आहे. पुढील महिन्यात बर्कले येथील इयान गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर यांनी दुसरा दोष दाखविला. किल्ली तयार करताना वेळ व प्रक्रिया-क्रमांक अशा सहज अंदाज करता येणाऱ्या बाबींचा आधार घेतला जात होता. सदर निर्यात निर्बंध २००० मध्ये शिथिल झाले.

मायक्रोसॉफ्टचा प्रवेश :
ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'इंटरनेट एक्सप्लोरर' बाजारात आणला व पुढे तो विंडोजबरोबर विनामूल्य दिला. दोन्ही कंपन्यांत नवनवीन सुविधा देण्याची चढाओढ लागली. १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीतील 'अ‍ॅक्टिव्हएक्स'मुळे संकेतस्थळावरील आज्ञावली थेट वापरकर्त्याच्या संगणकावर चालविणे शक्य झाले. मात्र तिला मर्यादित कक्षेत ठेवण्याची व्यवस्था नव्हती. एकदा परवानगी दिली की वापरकर्त्याचे सर्व अधिकार तिला प्राप्त होत. सुविधा हाच धोक्याचा मार्ग ठरला.

मे १९९८ मध्ये अमेरिकी शासनाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल केला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीच्या विभाजनाचा आदेश दिला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. तोपर्यंत नेटस्केप एओएल कंपनीकडे गेली होती आणि तिचा बाजारातील प्रभाव ओसरला होता.

मक्तेदारीचा काळ :
ऑगस्ट २००१ मध्ये सहावी आवृत्ती आली. त्यानंतरची सातवी आवृत्ती येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडले. प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा सुधारणेची निकडही उरली नाही. जगातील बहुसंख्य संगणकांवर एकच ब्राउझर असल्याने त्यातील एक दोष हल्लेखोरांना असंख्य संगणकांचे दार उघडून देत असे. जून २००४ मधील 'डाउनलोड.जेक्ट' हल्ल्यात नेहमीची संकेतस्थळे पाहणाऱ्यांच्या संगणकांतही घातक आज्ञावली शिरली. अमेरिकेच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने सुचविलेल्या उपायांत अन्य ब्राउझर वापरण्याचाही समावेश होता. नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या आज्ञावलीतून उदयास आलेला 'फायरफॉक्स' नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वापरकर्त्यांना पर्याय मिळाला.

निष्कर्ष :
१. स्पर्धेच्या घाईत सुविधांना प्राधान्य मिळाले व सुरक्षितता दुय्यम ठरली.
२. स्पर्धा संपल्यावर सुरक्षितता आपोआप वाढली नाही. उलट दोष दीर्घकाळ कायम राहिले.
३. नेटस्केपमधील दोष उघड झाले ते स्वतंत्र अभ्यासकांच्या तपासणीमुळे.

थोडक्यात, केवळ स्पर्धा सुरक्षिततेची हमी देत नाही. पण पर्यायाच्या अभावी कंपनीच्या दुर्लक्षाची किंमत सामान्य वापरकर्त्यालाच मोजावी लागते, हे या दशकाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.