खान्देशातली 'बेटं': समुद्र नाही, तरी ही गावं चहूबाजूंनी पाण्यात कशी गेली?

वीज म्हटलं की खान्देशातल्या माणसाला आधी आठवतात त्या दीपनगरच्या चिमण्या. तिकडे कोळसा जळतो, इकडे आपला मोबाईल चार्ज होतो. विषय संपला. पण खान्देशाच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्यात, काही गावं अशी आहेत ज्यांच्या दारापर्यंत धरणाचं पाणी आलं आणि ती जवळपास बेटं होऊन बसली. आज त्याच गावांची गोष्ट.

ही गावं आहेत कुठे?

१ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. या नंदुरबारच्या उत्तरेला अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजेच धडगाव हे दोन तालुके. इथे नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून सुमारे ५४ किलोमीटर वाहते. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, निमगव्हाण, डोमखेडी, भादल ही तिच्या काठची गावं. राहणारे लोक भिल्ल आणि पावरा. बोली भिलोरी आणि पावरी.

गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीनं घरं, असं इथे नसतं. एका टेकडीवर एक पाडा, दुसऱ्या टेकडीवर दुसरा. उतारावर ज्वारी, मका, तूर. नदी ओसरली की काठच्या गाळात आणखी एक पीक. जंगलातून मोहाची फुलं आणि चारोळी, नदीतून मासे. होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतो आणि काठीची होळी बघायला तर लांबलांबून लोक येतात. याहामोगी ही त्यांची कुलदेवी. देव, शेत आणि चूल, सगळं याच डोंगर-नदीच्या आधारानं.

मग पाणी आलं कुठून?

गुजरातमध्ये केवडियाला सरदार सरोवर धरण आहे. ५ एप्रिल १९६१ ला पंडित नेहरूंनी त्याची पायाभरणी केली. पुढे राज्याराज्यांत पाणीवाटपाचा वाद झाला आणि १९७९ मध्ये नर्मदा लवादाचा निवाडा आला. धरणाचं कालव्यातलं पाणी मुख्यतः गुजरातला आणि काही राजस्थानला. तयार होणाऱ्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. आणि बुडीत क्षेत्रात महाराष्ट्राची ३३ गावं. सगळी याच दोन तालुक्यांतली.

निवाड्यात एक चांगली अट होती. ज्याची २५ टक्क्यांपेक्षा जास्त जमीन जाईल, त्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यायची. प्रौढ मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. प्रश्न आला कागदाचा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारी दप्तरात वनखात्याची होती. त्यामुळे कसणारा ठरला अतिक्रमणदार. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याची गेली किती हे मोजायचं कसं?

यावरूनच नर्मदा बचाव आंदोलन उभं राहिलं. १९९३ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं. १८ ऑक्टोबर २००० ला सुप्रीम कोर्टानं बांधकामाला परवानगी दिली. उंची टप्प्याटप्प्यानं वाढत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं.

बेटावरचं जगणं

अनेक कुटुंबं तळोदा, शहादा भागातल्या वसाहतींत गेली. मणिबेलीची काही कुटुंबं गुजरातमध्ये परवेट्याला गेली. पण सगळे गेले नाहीत. कुणाला जमीन मिळाली नाही, कुणाला मिळालेली कसता येण्यासारखी नव्हती, कुणाला डोंगर सोडायचा नव्हता. ते वर सरकले. खालची शेतं आणि पायवाटा पाण्याखाली गेल्या. जिथे चालत जायचे तिथे आता होडी लागते. आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून काठापर्यंत आणायचं आणि मग पाण्यावरून पुढे. म्हणून इथे तरंगते दवाखाने चालवावे लागतात.

शाळा नावालाच होत्या, तेव्हा लोकांनी आंदोलनासोबत जीवनशाळा सुरू केल्या. पहिल्या शाळा चिमलखेडी आणि निमगव्हाणला. मुलं आधी स्वतःच्या बोलीत शिकतात, मग मराठीत.

आणि वीज? धडगाव तालुक्यातल्या बिलगावनं २००३ मध्ये उदई नदीच्या धबधब्यावर श्रमदानातून १५ किलोवॅटचा छोटा प्रकल्प उभारला. 'स्वदेस' सिनेमातल्या विजेच्या प्रसंगामागे हेच गाव असल्याचं सांगतात. २००६ च्या पावसाळ्यात तो प्रकल्पही पाण्यात गेला. मोठ्या विजेच्या धरणानं गावाची छोटी वीज बुडवली.

'बुडालेली' गावं, पण जिवंत माणसं

न्यूझीलंडजवळच्या चॅटम बेटांवर मोरिओरी नावाचे लोक राहतात. माणसाला मारायचं नाही, हा त्यांच्या पूर्वजांचा नियम. १८३५ मध्ये बाहेरून आलेल्या माओरी टोळ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला, अनेकांना मारलं, उरलेल्यांना गुलाम केलं. १९३३ मध्ये तामे होरोमोना रेहे वारले, तेव्हा 'शेवटचा मोरिओरी गेला' असं जाहीर झालं आणि शाळकरी मुलंही तेच शिकली. पण वंशज होते. त्यांनी भाषा आणि हक्क परत मागितले. २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेनं त्यांच्यासाठी कायदा केला.

दोन्ही इतिहास वेगळे आहेत. इथे हल्ला नव्हता, प्रकल्प होता. पण कागदाची सवय सारखीच. 'बुडीत गाव' असा शिक्का बसला की तिथे कुणी राहत नाही असं आपण धरून चालतो. मग रस्ता कशाला, शिक्षक कशाला, दवाखान्याची होडी बंद पडली तर ओरड कशाला?

तिथे माणसं राहतात. त्यांची मुलं रोज शाळेत पावरी बोलतात आणि फाल्गुनात होळी पेटते. नकाशावर निळा रंग दिसला, तरी त्याच्या काठावर कोण उभं आहे हे विचारायला हवं.